दिव्यातून काढलेली बंदूक

आमचे सासरे, आप्पा, वस्तू डोळ्यांनी बघत नसत, अंगठ्यानं बघत. पुण्याजवळच्या एका सरकारी शस्त्रकारखान्यात छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर त्या उजव्या अंगठ्याला अशी काही विद्या चढली होती की केसाच्या आठव्या हिश्शाएवढा खड्डा त्याला दरीसारखा लागे. आमच्या लग्नात माझ्या बोटात अंगठी घालण्याआधी त्यांनी ती आतून अंगठ्यानं चाचपली, "खरखर आहे" म्हणाले आणि सोनाराला मांडवात बोलावून घेतलं. त्यात मुहूर्त टळला असं मी सांगतो. बायको म्हणते टळला नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.

करोनाच्या वर्षी फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावी आले आणि मार्चात जगाचं दार लागलं. माझं स्लोटरडाइकचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, आप्पांचं पुणं मोबाइलमध्ये गेलं. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातली सगळी दारं, नळ आणि बिजागऱ्या दुरुस्त केल्या. पुढच्या पंधरा दिवसांत गल्लीतल्या चाळीस-पन्नास सायकली. मग दुरुस्त करण्यासारखा मी एकटाच उरलो. "जावईबापू," ते म्हणत, "तुमची खुर्ची कुरकुरत नाही, तुम्ही कुरकुरता." जावईबापू या शब्दात एवढा आदर आणि एवढी कानस एकाच वेळी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

इकडे लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, आणि दुसऱ्याच्या खिडकीत बघायचं नाही हा नियम आप्पांना कुणी सांगितला नव्हता. एप्रिलात संध्याकाळी फिरताना ते शेजारच्या व्हिमच्या खिडकीसमोर थांबले ते थांबलेच. व्हिम म्हणजे ब्याऐंशी वर्षांचा, निवृत्त ट्रामचालक, बायको गेल्यावर एकटा राहणारा. त्याच्या खिडकीत एक उंच दिवा होता. वर झालरींची गुलाबी टोपी, खाली लाकडी पाट, आणि मधला खांब सोनेरी रंगात न्हालेला. मी सहा वर्षं तो दिवा बघत होतो आणि मला तो फक्त कुरूप वाटत होता. आप्पा म्हणाले, "हा दिवा नाही. ही ठासणीची बंदूक आहे. कुणीतरी हिचा खून केलाय."

खून व्हिमनंच केला होता, आणि ते त्यानं कुंपणापलीकडून, दीड मीटरचं अंतर राखून सांगितलं. बंदूक त्याच्या पणजोबांची, डच पायदळातली. ती मिळायची होती थोरल्या भावाला, पीटला. पीट बोटीवर नोकरीला असताना, नव्या लग्नाच्या उत्साहात, व्हिमनं तिचा दिवा केला. नळीला वायरसाठी भोक पाडलं, वर दिव्याची टोपी बसावी म्हणून लाकडी दस्ता पुढून हातभर कापला, चाप दाबल्यावर आपटणारा घोडा वितळवून जागेवर चिकटवला, लोखंडाला सोनेरी रंग आणि लाकडाला घोड्याच्या पाठीसारखं चकाकणारं व्हार्निश दिलं. पीट सुट्टीवर आला, दिवा बघितला, समोरचं सूप पूर्ण संपवलं, टोपी घातली आणि गेला. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं तो व्हिमशी एक अक्षर बोलला नाही. आता पीट एकोणनव्वद वर्षांचा होता, रायस्वाइकच्या एका वृद्धाश्रमात, आणि त्या आश्रमातून त्या महिन्यात रोज कुणीतरी जात होतं. व्हिमला एवढंच हवं होतं की भाऊ जायच्या आत त्याला ती बंदूक बंदूक म्हणून दाखवावी.

मी हे भाषांतर करून आप्पांना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की उडवायची आहे का. व्हिम नाही म्हणाला. "मग ठीक. नवी करायची नाही. जुनी करायची." इतकी जुनी ठासणीची बंदूक घरात ठेवायला इकडे परवाना लागत नाही, तरी मी पोलिसांना फोन करून विचारून घेतलं, कारण माझ्या नशिबाला मी ओळखतो.

व्हिमच्या अंगणातल्या सायकलींच्या खोलीत कारखाना सुरू झाला. दार सताड उघडं, एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला व्हिम. आप्पा मराठीत बोलत, व्हिम डचमध्ये. मी सुरुवातीला दुभाषा म्हणून उभा राहिलो, पण आठवड्याभरात दोघांनी मला घरी पाठवलं, कारण माझ्यामुळे त्यांच्या बोलण्यात गैरसमज व्हायला लागले होते. बंद असलेल्या एका संग्रहालयाला मी पत्र लिहिलं, त्यांनी तशाच बंदुकीचे फोटो मापांसह पाठवले, आणि आप्पांनी ते ब्राउन पेपरवर पुऱ्या मापात उतरवून भिंतीला चिकटवले. सोनेरी रंग त्यांनी लाकडाच्या काडीनं खरवडला. लोखंडाचं हत्यार लावलं असतं तर चार दिवसांत झालं असतं; काडीनं सात आठवडे लागले. रंगाखाली जुन्या लोखंडाचा तपकिरी-काळा रंग होता, आणि आप्पांच्या मते तो रंग म्हणजे बंदुकीचं वय. "वय खरवडायचं नसतं," ते म्हणाले, आणि माझ्या काळ्या केलेल्या केसांकडे उगाचच बघितलं.

घोडा त्यांनी पोलादाच्या तुकड्यातून कानसीनं घासून काढला. पहिले तीन त्यांनी स्वतःच नापास केले. मला चारांत काडीचाही फरक दिसत नव्हता. लाकडाचं दुखणं मोठं होतं. कापलेला हातभर दस्ता जोडायला तेवढंच जुनं अक्रोडाचं लाकूड हवं होतं. जुन्या वस्तूंची दुकानं उघडल्यावर मी आणि आप्पांनी सगळा उत्तर हॉलंड पालथा घातला. प्रत्येक कपाटाच्या मागे जाऊन ते अंगठा फिरवत आणि मान हलवत. शेवटी अल्कमारला एका पलंगाचा पाय त्यांनी धरला तो सोडलाच नाही. पाय हवा तर पूर्ण पलंग घ्या, असं दुकानदार म्हणाला. आजही आमच्या पाहुण्यांच्या खोलीत तीन पायांचा पलंग आहे. चौथ्या कोपऱ्याला माझ्या ऑफिसच्या नियमावल्या आहेत.

जूनमध्ये सरकारी विमानात आप्पांची जागा लागली. माझ्या बायकोनं, म्हणजे मृणालनं, त्यासाठी दीड महिना फॉर्म भरले होते. आप्पांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी पाठव. माझं काम अर्धं आहे." मृणाल चिडली. पुण्यात घर बंद आहे, औषधं संपलीत, तुमचं वय काय, त्या माणसाशी आपलं नातं काय, असं सगळं एका दमात विचारून झालं. आप्पांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "त्याचा भाऊ माझ्या विमानासाठी थांबणार आहे का?" मृणालनं पुढचा फॉर्म भरला नाही.

आता माझ्या पापाबद्दल. ऑक्टोबरात बंदूक जवळजवळ झाली होती. खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि आमच्या घरी तर जन्मात पहिल्यांदाच खरंखुरं हत्यार हाताशी होतं. आप्पा आणि मृणाल व्हिमसोबत फिरायला गेले होते. मी भक्तिभावानं बंदूक घरात आणली, पाटावर ठेवली. पूजेला काळं पितळ कसं ठेवायचं? मी दस्त्याच्या टोकाची पितळी पाटी आणि नळीवरच्या तिन्ही पितळी कड्या चिंच-मीठ लावून अशा घासल्या की त्यात माझा चेहरा, मागची खिडकी आणि पलीकडचा कालवा दिसू लागला. दीडशे वर्षांचं पितळ मी वीस मिनिटांत कालच्या तांब्यासारखं करून टाकलं आणि वर हळदकुंकू वाहिलं.

आप्पा आले. बघितलं. कुंकू लावून नमस्कार केला, कारण पूजा ती पूजा. मग खुर्चीवर बसले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मला पीट नावाचा माणूस नीट समजला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक बादली दिली. पितळ पुन्हा काळवंडवायला तबेल्यातलं भिजलेलं गवत लागतं. त्याच्या वाफेत टांगलं की रंग चढतो. मी सायकलवरून गावाबाहेरच्या पोल्डरातल्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या शेतजमिनीतल्या, एका घोडेवाल्याकडे गेलो आणि घोड्यांनी भिजवलेलं गवत मागितलं. कशाला, त्यानं विचारलं. माझ्या मोडक्या डचमध्ये मला एवढंच सांगता आलं, की सासऱ्यांसाठी. त्यानं लगेच बादली काठोकाठ भरून दिली. परतीच्या वाटेवर नीउ-व्हेनेपच्या लोकांनी दीड मीटर नव्हे, दीड किलोमीटर अंतर पाळलं. झाकणबंद डब्यात अकरा दिवस पितळ टांगलं होतं. रंग आला, पण आप्पांच्या मते तो पहिल्यासारखा नव्हता. "चाळिशीचा दिसतोय, दीडशेचा नाही," ते म्हणाले. एवढ्यावर त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

भांडण झालं ते जोडावरून. जुना दस्ता आणि पलंगाचा पाय जिथे मिळत होते तिथे एक तिरकी बारीक रेघ दिसत होती. व्हिमला ती नको होती. रंगानं झाक, तो हात जोडून सांगत होता. भावाला दिसलं तर पुन्हा सूप संपवून उठेल. आप्पांनी ब्रश हातात घेतला नाही. मी व्हिमची बाजू घेतली, कारण रेघ झाकणं पाच मिनिटांचं काम होतं. आप्पा म्हणाले, "तोडलं ते तोडलं. जोडलं ते जोडलं. हे झाकलं तर आठ महिने मी खोटं काम केलं." मी हे व्हिमला सांगितलं. मग त्यानं त्या रेघेवरून हात फिरवला आणि बंदूक घोंगडीत गुंडाळली.

वृद्धाश्रमात आत जायला बंदी होती; भेट खिडकीतून. मी आधी फोन करून रीतसर परवानगी घेतली, कारण तोंड झाकलेली तीन माणसं घोंगडीतून बंदूक काढत म्हाताऱ्यांच्या खिडकीशी उभी राहणार होती. काचेच्या आत चाकाच्या खुर्चीत पीट होता, लांब, वाळलेला, निळ्या डोळ्यांचा. नर्सनं फोन त्याच्या कानाला धरला, आमच्या बाजूचा फोन मी स्पीकरवर धरला. व्हिमनं बंदूक दोन्ही हातांनी काचेसमोर आडवी धरली. तिचं वजन पेलावं म्हणून आप्पांनी खालून आधार दिला. त्या दिवशी दीड मीटर कुणी मोजलं नाही.

पीटनं टोकापासून टोकापर्यंत बघितलं. मग बोट उचललं आणि काचेवर बरोबर त्या तिरक्या रेघेवर टेकवलं.

"इथे कापली होतीस," तो म्हणाला.

"हो," व्हिम म्हणाला.

"झाकलं नाहीस."

"झाकणार होतो. यांनी झाकू दिलं नाही."

पीटनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी नेहमीसारखा नमस्कार केला. पीटनं बोट काचेवरून काढलं नाही, आणि मग व्हिमला म्हणाला, दारू ठासायचा गज वाकडा बसवलाय. गज सरळ होता. व्हिम तसं म्हणाला. पीट म्हणाला, तू लहानपणापासून असाच. नर्सनं वीस मिनिटांची वेळ संपल्याचं तीनदा सांगितलं तरी दोघांचा वाद गजावरून, आईवरून, कुठल्याशा हरवलेल्या होडीवरून चालूच होता. आप्पा घोंगडीची घडी घालत म्हणाले, "चला जावईबापू. आपलं इथे काही काम नाही."

जानेवारीत आप्पा पुण्याला गेले. विमानतळाच्या आत प्रवाशांनाच सोडत होते, म्हणून निरोप रस्त्यावरच झाला. व्हिम ब्याऐंशीव्या वर्षी कडाक्याच्या थंडीत सायकल मारत आला. दोघं दहा मिनिटं बोलले, एक मराठीत, एक डचमध्ये. कुणीही मला भाषांतर विचारलं नाही.

पीट त्या वसंतात गेला. झोपेत, असं व्हिमनं सांगितलं; आदल्या दिवशी फोनवर दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. मी आप्पांना फोन केला. बंदूक कुठे आहे, त्यावर धूळ बसते का, पितळ काळवंडलं का, असं काही विचारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बोलत होते ना दोघं?"

मी म्हटलं, रोज. आणि रोज भांडत होते.

"मग काम पास झालं," आप्पा म्हणाले. फोन मात्र आम्ही दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.