गणपतने पाणी घातले नव्हते

शहापूरच्या ध्वजवंदनात निवृत्त हवालदार दामू पाटील यांनी भाषण ठोकले. लडाखमध्ये नाईक गणपत भोईर स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला, बराकीच्या पायाच्या भरावात पाणी त्यानेच घातले, असे ते म्हणाले. पुढच्या रांगेत गणपतची पत्नी बसली होती. नंतर तिने मला विचारले, "भाऊजी, ते त्यांच्याच चुकीनं गेले का?" म्हणून लिहितो. पाटलांना माईक मिळतो. मी त्या जागेवर होतो.

आमची इंजिनिअर तुकडी. हिवाळ्यापूर्वी जवानांसाठी उबदार बराक उभारायची होती. चढ कापून जागा सपाट करायची, कोरडा भराव धुमसाने ठोकून बसवायचा, त्यावर फोमचे जाड तक्ते आणि वर काँक्रीटचा स्लॅब. भरावात ओल राहिली तर ती गोठून फुगते आणि स्लॅब उचलते. हे सर्वांना शिकवले होते. पाटीलही वर्गात बसले होते, एवढेच म्हणता येईल.

कामावरचे हवालदार पाटील मूळचे आटगावचे भातशेतकरी. मळणीचे खळे करताना माती भिजवून चोपतात, तसे त्यांनी भरावावर पाणी ओतायला सांगितले. वैशाखऱ्याच्या गणपतनेही खळी केली होती.

"उस्ताद, हे खळं नाय. गोठेल सगळं."

"तू मला खळं शिकवतो काय रे? ओत."

गणपतने बादली खाली ठेवली. पाटलांनी दुसऱ्यांकडून ओतवून घेतले.

सकाळी भराव दगडासारखा झाला होता. पाटील टाच आपटून म्हणाले, "बघा, कसा बसलाय." गोठणे आणि बसणे यांतला फरक न कळलेला हा गृहस्थ आज तरुणांना सैन्य समजावतो.

रेडिओ सेटवर मी होतो.

"माल उद्या पोचतो. बेस तयार? ओव्हर."

पाटील म्हणाले, तयार सांग. गणपत म्हणाला, "नाय सांग."

"बेस तयार नाही. ओव्हर."

मी कारण सांगितल्यावर सुभेदारसाहेबांचा हुकूम आला: ओला भराव पूर्ण उपसा.

गणपत सर्वांच्या पुढे उतरला. पाटलांचे गुडघे नेमके तेव्हा दुखू लागले. ओतलेले पाणी कापलेल्या चढाच्या पायथ्यातही मुरले होते. दुपारच्या उन्हाने तिथले गोठलेले पाणी वितळून पायथा सैल झाला आणि चढ गणपतवर कोसळला. आम्ही हातांनी माती उपसली. तो सापडला तेव्हा श्वास थांबला होता.

माल आला. आम्ही कोरडी खडी भरली, तक्ते अंथरले, स्लॅब ओतला. बराक उभी राहिल्यावर त्या स्लॅबवर सर्वांत आधी अंथरूण पाटलांनी टाकले.

वहिनींना मी सांगितले, नाही, त्याच्या चुकीने नाही. स्लॅबला तडा गेला नाही. त्या हिवाळ्यात आमच्यातला एकही जवान थंडीने गेला नाही. त्या बराकीखालची जमीन नाईक गणपत भोईर, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, याने तयार केली.