बराबर बसलेली दाढ
तव्यावर ज्वारीची भाकरी फुगली, की त्या खरपूस वासासरशी माझा हात आपोआप उजव्या गालावर जातो. डावीकडच्या दाढा कधीच गेल्या होत्या. उजवीकडे वरची एकच उरली होती, म्हणून तिच्याखाली आदिलाबादला टायटेनियमच्या बुडाची नवी दाढ बसवून घेतली, ती निव्वळ या भाकरीसाठी. दाढ वरचीला नीट जुळते का ते बघायला निळा कागद चावायला देऊन डॉक्टरांनी विचारलं, "ऊंचा लगरा क्या?" उंच लागत होती थोडी, पण आमच्या गावाची, तलमडुगूची बस सुटायला आली होती. मी म्हणालो, "नहीं साब, बराबर है." घरी बायको म्हणाली, "अवो, दुखून राह्यलं तं डॉक्टरले दाखवा नं. काऊन अंगावर काढता?" "नवी चप्पल चावतेच," मी म्हटलं, "वापरून वापरून बसते." आणि मुद्दाम कडक भाकरी त्याच दाढेखाली घेत राहिलो. एका सकाळी कट्‌कन आवाज झाला. डॉक्टरांनी खालची दाढ हलवून पाहिली, ती तसूभर हलली नाही. चिरली होती वरची, माझी स्वतःची. ती काढावी लागली, आणि तिथं नवी बसवण्याइतकं हाडही उरलेलं नाही. आता बायको भाकरी दुधात कुस्करून पुढे ठेवते आणि माझ्याकडे न बघता विचारते, "बसली का मंग चप्पल?"