कोणती वसाहत, बाई?

गणपती गेले आणि पाठोपाठ कुंदाताई गेली. भावाकडे पुण्याला म्हणून गेली होती. सकाळी चहाचं आधण ठेवलं, गॅसपाशीच खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. आमच्या घरी फोन नाही. खालच्या किराणा दुकानदाराने जिन्यातून हाक मारली, "टीचर, पुण्याहून फोन आहे, लवकर या." पिठाच्या हातांनीच धावले. तिचा भाऊ बोलत होता, मी नुसतं हं हं करत होते... परत वर येताना जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यापाशी पाय थबकले. आता तिथून कोणीतरी विचारेल, "काय झालं?" असं स्पष्ट वाटलं. मी गणित शिकवणारी बाई, असलं काही वाटून घ्यायची मला सवय नाही. पण कुंदाताईच्या शेजारात इतकी वर्षं काढली, त्याचा काही ना काही परिणाम होणारच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघी नवीन पनवेलला आलो, ती गिरगावातून, मी पुण्याहून. शाळा एक, इमारत एक, मजलाही एकच. ती इतिहास शिकवायची. बोलायला बसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात आणि डाळ करपे. माझ्याशी भांडायची, मग अर्ध्या तासात वाटीभर आमटी घेऊन दारात हजर. "घे गं बाई, आंबट झालीय तुझ्या तोंडासारखी," असं वर ऐकवायची. आठवीला ती फ्रेंच आणि ब्रिटिशांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहती शिकवायची, तो तिचा आवडता धडा. फळ्यावर नकाशा काढायचा, फ्रेंचांना निळा खडू, ब्रिटिशांना लाल. फ्रेंच आधी कातड्यांच्या व्यापाराला आले, ब्रिटिशांना शेतीला जमीन हवी होती, हे ती इतकं रंगवून सांगे की शेजारच्या वर्गातली माझी मुलंही तिकडेच कान लावून बसत.

एकदा माझा तास मोकळा होता म्हणून तिच्या वर्गात मागे वह्या तपासत बसले होते. कुंदाताईने विचारलं, "वसाहत वाढत गेली, तशी तिथली मूळ माणसं मागे मागे सरकली. कुठे गेली असतील बरं?" शेवटच्या बाकावरची गोमी उभी राहिली. कातकरी वाडीवरची मुलगी, वर्षभरात कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, "इचुंब्याच्या पल्याड." शेजारच्या विचुंबे गावाचं नाव ऐकून वर्ग खो खो हसला. कुंदाताईलाही हसू आवरेना. "अगं, मी अमेरिकेतल्या वसाहतीबद्दल विचारतेय." गोमी गोंधळली. "कोणती वसाहत, बाई? आमाला येकच म्हायीत हाय. तुमी ऱ्हाता ती." मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, खालच्या आवाजात म्हणाली, "आमची वाडी थितंच व्हती. तुमच्या जिन्याखाली आमची मानसं पुरल्याली हायेत." हसणं जागच्या जागी थांबलं. कुंदाताईच्या हातातला लाल खडू तसाच राहिला. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

रविवारी मला ओढत विचुंब्याच्या पलीकडच्या वाडीवर नेलं. गोमीची आजी, चंद्री, दारात बसली होती. कुंदाताई काय विचारायचं ते ठरवूनच गेली होती, पण म्हातारीच आपणहून बोलली. "माजा आजा कर्नाळ्याच्या रानातला. खैर तोडायचा, कात शिजवायचा. गोऱ्या सायबानं रान बंद केलं, खैराला हात लावायचा नाय. कात गेला, नाव ऱ्हायलं कातकरी. मंग खाली माळावर आलो. थितं तुमची वसाहत आली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे आम्हाला जास्तच लागलं. परतीच्या वाटेवर रिक्षात कुंदाताई म्हणाली, "इतकी वर्षं तो धडा शिकवतेय मी... आणि राहतेय कुठे?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हापासून आमचा जिना बदलला. की आधीपासून तसाच होता आणि आम्हाला कळला नव्हता? मुलं सगळीकडे लपाछपी खेळत, पण जिन्याखाली कोणी लपत नसे. ऐन मे महिन्यात तिथे गारवा असे. दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका हलक्या आवाजात बोलत बसतात ना, तसं काहीतरी तिथे चाललेलं असायचं, आणि आपण पहिल्या पायरीवर पाय ठेवला की गप्प. मी पंपाचा आवाज, पाइपातली हवा, सगळी कारणं देऊन पाहिली. पंप बंद असतानाही ते ऐकू आलं, मग मी कारणं द्यायची सोडली. कुंदाताई मात्र खुशाल बाहेर जाताना कोपऱ्याकडे बघून "येते हं" म्हणायची. "कोणाला सांगतेस?" मी खवळून विचारायची. "ज्यांच्याकडे राहतो त्यांना," ती म्हणायची आणि पिशवी हलवत निघून जायची.

पितरांच्या अमावास्येला चंद्रीला तिथे, जिन्याखाली, आपल्या माणसांसाठी पान ठेवायचं असे. पळसाच्या पानावर भात आणि सुकट ठेवायची आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. एक नाव, मग थांबायचं. ते माणूस आलं की होकाराची मान हलवायची, मग पुढचं नाव. "हाक नाय मारली तर वाट चुकत्यात," ती सांगायची, "आता वर सगळी घरंच घरं हायेत ना." वसाहत झाल्यापासून वॉचमन तिला फाटकातूनच हाकलायचा. कुंदाताई सोसायटीच्या चेअरमनशी भांडली. ते म्हणाले, "टीचर, आज ही आली, उद्या अख्खी वाडी येईल." "यायलाच हवी," कुंदाताई म्हणाली. शेवटी तिने शक्कल काढली. त्या दिवशी वॉचमनला ठणकावून सांगायची, "माझ्याकडे पितरांना पाहुणी यायचीय, अडवायचं नाही." मग दरवर्षी चंद्री कुंदाताईची पाहुणी म्हणून यायची आणि चेअरमन खिडकी लावून घ्यायचे.

यंदाच्या अमावास्येला भर दुपारी मी गॅलरीत कपडे काढत होते. फाटकात वॉचमनचा आवाज आला, "कोणाकडे?" चंद्री पदराखाली पान झाकून उभी होती. "कुंदाबायकडं." "त्या वारल्या. आता नाही सोडायचं, साहेबांनी सांगितलंय." म्हातारी हलली नाही. समोरच्या खिडकीत चेअरमन दिसत होते. या इमारतीत मला अजून राहायचंय, उद्या पाण्याच्या टँकरसाठी यांच्याच दारात जायचंय, हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं. मग माझाच आवाज मला ऐकू आला. "माझ्याकडे आल्यात त्या! सोड त्यांना!"

मी खाली आले, चपला काढल्या. चंद्रीने जिन्याखाली पान मांडलं आणि विचारलं, "कुठं जाळली बायला?" मी म्हटलं, "पुण्याला." मग हाका सुरू झाल्या. आज्याला, आईला, नवऱ्याला, तान्ह्या लेकाला... प्रत्येक नावानंतर ती थांबे, मान हलवी. गारवा वाढत होता. माझ्या दंडावर काटा आला होता. सगळी नावं संपली असं वाटलं, तेवढ्यात तिने मान वर केली आणि नेहमीच्या त्याच आवाजात हाक मारली, "कुंदाबाय..."

ती थांबली. बराच वेळ थांबली. मान हलेना. मी विचारलं, "नाही आली?"

"लांबनं यायची हाय," चंद्री म्हणाली. "आनि नवी हाय. तिला तुमचा आवाज वळखीचा. तुमी मारा हाक."