भावजींचं भाषण आणि ताईचे वाल

चिखलावर तासभर बोलून माणसांना घरी जायचं विसरायला लावणारा दुसरा माणूस उभ्या मुंबईत सापडायचा नाही. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भांडुपचे भावजी. इमारतींच्या पायाखालच्या मातीचा अभ्यास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर तर त्यांना चिखलाखेरीज काही दिसेनासंच झालं. लग्नाला गेले तरी वधूवरांकडे बघण्याआधी ते हॉलची जमीन टाचेने दाबून बघतात. एकदा त्यांनी वरपित्याला सांगितलं, "सून छान आहे, पण तुमचं स्टेज खचतंय." स्टेज खरंच खचलं, पण जेवणं झाल्यावर, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

भाषणाला जाताना ते स्टीलच्या डब्यात खाडीचा चिखल नेतात आणि "आधी हात घाला, मग बोलू" म्हणत पहिल्या रांगेपासून फिरवतात. पांढऱ्या शर्टातले साहेबसुद्धा कोपरापर्यंत बरबटून लहान मुलांसारखे हसायला लागतात. एकदा घाईत त्यांनी फ्रिजमधला नाचणीच्या सत्त्वाचा डबा उचलून नेला. तिथे झाकण उघडल्यावर न डगमगता म्हणाले, "खाडीचा चिखल अस्साच थरथरतो. फरक एवढाच, की हा गोड आहे." डबा चाटूनपुसून परत आला. इकडे ताई घरी राहिलेल्या डब्यातल्या चिखलात वेलची घालायच्या बेतात होती, ती वासामुळे वाचली.

पण भावजींच्या भाषणाचं खरं गुपित डब्यात नाही, ताईच्या हातात आहे. प्रत्येक भाषण ते आधी तिच्यासमोर करतात. ती खाली बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत असते आणि हे समोर उभे राहून बोलतात. तिचे हात थांबले, तर वाक्य ठेवायचं. सोलणं चालूच राहिलं, तर कापायचं, मग त्यात कितीही विद्वत्ता असो. फारच अवघड झालं तर ताई तोंड उघडते. "अहो, ह्या माकाच कळूक नाय, तर लोकांका काय कळतला?" त्यावर अपील नसतं.

यंदा ताई लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेली आणि भावजींची वाट लागली. अंधेरीच्या एका ऑफिसात ते सरावाशिवाय बोलायला गेले. शेवटी "काही प्रश्न?" विचारल्यावर एकाच मुलीने हात वर केला आणि एसी कमी करता येईल का, असं विचारलं.

"संपलं गं आपलं," ते मला फोनवर म्हणाले. "रविवारी इथल्या शाळेत बोलायचंय. तेही असंच झालं, तर पुन्हा माइक हातात धरणार नाही."

मला त्या चिखलाचं काही नाही, पण त्यांचा तो आवाज ऐकवेना. म्हटलं, "भावजी, परवा मुलुंडला माझ्याकडे या. मी वाल भिजत घालते."

ते आले, पण माझे हात काही थांबेनात. मी बँकेच्या काउंटरवर जन्म काढलेला, समोर कोणी काहीही बोललं तरी माझे हात चालूच. तासाभरात सगळं भाषण कापून झालं आणि "नमस्कार मंडळी" एवढंच उरलं. शेवटी मीच ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. "ताई, कायतरी सोलूक घे बघू," मी म्हटलं. तिने इथून नेलेले वाल मोड आणून ठेवलेलेच होते.

मोबाइलसमोर उभं राहून भावजींनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि कापलेलं भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वाक्यामागून वाक्य कापलं जात होतं, एखादं उरत होतं. मग ते म्हणाले, "ओहोटी लागली की खाडीचा चिखल रिकामा वाटतो. पण पाणी सगळं गेलेलं नसतं. आत उरतंच, भरतीची वाट बघत."

ताईचे हात थांबले.

"थांबली! बघ, थांबली!"

"भावजी, नेट अडकलंय," मी म्हटलं. स्क्रीनवर ताईची पापणीसुद्धा हलत नव्हती.

त्यांचा चेहरा पडला. "मग कापू का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं त्या अडकलेल्या चित्राकडे बघत बसलो.

मग चित्र हललं. मागे बाळ रडत होतं, ताई डोळे पुसत होती. अर्धा सोललेला वाल तसाच दुसऱ्या हाताच्या बोटांत होता.

"अहो," ती म्हणाली, "माझा तिकीट जरा आधीचा गावता काय बघा."

वाक्य अर्थातच राहिलं. रविवारी नेमक्या त्याच वाक्याशी भावजींचा आवाज अडला, आणि तो मोकळा होईपर्यंत शाळेच्या हॉलमधलं कोणीही जागचं हललं नाही.