घरातलेच केस

फोटोबाई माणसाच्या चेहऱ्याकडे आधी पाहत नसत. आधी केसांकडे पाहत. नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्टचे, लग्नाचे फोटो तिथे निघतच. पण आसपासच्या गावांतली माणसं मुख्यतः येत ती घरातलं कुणी गेल्यावर. तेरवीला हार घालायला फोटो हवा असे आणि हाताशी असे आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी वरातीतला अर्धा चेहरा.

तो मोठा केला की चेहरा कसाबसा टिके, केसांचा मात्र काळा डाग होई. मग फोटोबाई गेलेल्याच्या मुलाला किंवा बहिणीला पांढऱ्या चादरीपुढे बसवून केसांचा फोटो काढत, कॉम्प्युटरवर तो काळा-पांढरा करत आणि त्यातल्या एका बटेचा ब्रश बनवत; माउस फिरवला की तीच बट पुन्हा पुन्हा उमटे. "पांढरं आपोआप गळून जाते, काळं तेवढं उरते," त्या सांगत. "ब्रशात रंग नसते वं. नुसतं वळण असते. रंग आपल्याले द्या लागते."

अडचण एकच होती. बाप गेला की मुलं आधी मुंडण करत आणि मग त्यांना फोटो आठवे. तुळतुळीत डोक्यांचे भाऊ दारात दिसले की त्या कपाळाला हात लावत. "आता तुमच्या बापाले टक्कल ठेवू का?" शेवटी त्यांनी शेजारच्या न्हाव्यालाच बजावलं, "भाऊ, पयले माह्याकडे, मंग तुमच्याकडे."

"तुमच्यापायी माह्या वस्तऱ्याले गंज चढून राह्यला, बाई," तो म्हणे.

मी बाबांबरोबर गेले ती आईचा फोटो घेऊन. दवाखान्यातला होता, औषधांनी केस गेलेले, डोक्याला स्कार्फ. पण त्यात ती हसत होती, म्हणून बाबांना तोच हवा होता. "स्कार्फ काढता येईल का, बाई?" त्यांनी विचारलं.

फोटोबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वेणी सोड."

इंग्रजी शाळेत वाढलेली, चारचौघांत मान वर न करणारी मी चादरीपुढे बसले. "रडू नको म्हणत नाई मी," त्या म्हणाल्या. "फक्त हलू नको." संध्याकाळपर्यंत माझे केस आईच्या कपाळावर उतरले होते. बाबा स्क्रीनकडे एकदा बघून बाहेर जाऊन उभे राहिले.

नंतर मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. तिथे फारसं बोलावं लागत नसे. एकदा इंटरनेटवरून केसांचे तयार ब्रश उतरवून मी त्यांना दाखवले. छान होते, वेळही वाचला असता. त्या हसल्याच नाहीत. "दुसऱ्याच्या घरचे केस लावू का त्या माणसाले? घरातलेच पाहिजे."

"आणि घरात कुणी नसलं तर?"

"तं धूसर राहू दे." तळोधीच्या एका निपुत्रिक म्हाताऱ्याचा फोटो त्यांनी खरंच तसा धूसरच दिला होता.

त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेलेला. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत त्या गेल्या. त्यांचा भाऊ गावाकडच्या तलावावर मासेमारी करायचा. तो आधार कार्ड घेऊन स्टुडिओत आला. इतक्यांचे फोटो करणाऱ्या बाईचा दुसरा फोटोच नव्हता. मी कार्डावरचा फोटो मोठा केला. कपाळाच्या वर नुसता काळा डाग.

"तिचा नियम ठाऊक हाय मले," तो म्हणाला आणि डोक्यावरचा रुमाल काढला. मुंडण नव्हतं, जन्माचं टक्कल होतं. "पण माह्याकडे तं हे असं. धूसरच राहू द्या."

मी वेणी सोडली आणि चादरीपुढे जाऊन बसले. कॅमेरा त्याच्या हातात दिला.

तो घुटमळला. "तुम्ही घरातल्या व्हय का, बाई?"

"हो," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मी हलले नाही.

माझ्या बटेचा ब्रश केला आणि त्यांच्या भांगापासून केस काढत गेले. शेवटी कानाजवळच्या बटेशी थांबले. तिथे त्यांचे केस पिकलेले होते. काळ्याच्या जागी पांढरा रंग घेतला आणि माझे केस त्यांच्या वयाचे केले.