एका मात्रेचं माहेर

कॉलेजच्या वसतिगृहाच्या ओसरीत सरकारी फसली सनाच्या तारखांचा तक्ता टांगलेला आहे. आज सकाळी कुणीतरी त्याचं पान उलटलं आणि मेहेर लागला. बाकीच्यांच्या लेखी तो बारांतला एक महिना. मला मात्र त्या पानासमोर उभंही राहवत नाही आणि तिथून हलताही येत नाही. दोनदा खोलीत जाऊन परत आलो. पुस्तक उघडलं, मिटलं. एका शब्दाने माणूस इतका अस्वस्थ का व्हावा, हे मला नीटसं सांगता येणार नाही. पण झालं ते सांगतो.

माझी माय मिशनच्या वसतिगृहात वाढली. तिची आई ती रांगत असतानाच गेली आणि मागे राहिलं ते तिचं नुसतं नाव. पंचमी आली की आमच्या हळ्ळीखेडच्या गल्लीत बांगड्यांचा आवाज वाढे, सासुरवाशिणी गाठोडी बांधत, भाऊ बैलगाड्या घेऊन येत. माय त्या दिवशी मुद्दाम मोठं काम काढी. ज्वारी निवडी, भिंत सारवी. शेजारची अक्का म्हणे, "सणाला कामून राबायलीस गं?" माय हसून म्हणे, "मला कुठं गाडी यायलीय?" ते हसणं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वाटे, एवढं शिकून मी तिला एक गाव तरी शोधून देऊ शकेन.

चिटगुप्प्याच्या वाटेवर मिशनच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचं देऊळ आहे. तिथल्या पाळकांनी बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली. कडांना कसरीने जाळी केली होती, शाई तांबूस झाली होती. पुढची पानं पाळकांच्या हातची, बाळबोध, इंग्रजी महिन्यांची. मधली पानं मात्र गावोगाव फिरणाऱ्या एका उपदेशकाची होती. तो आधी पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणारा, म्हणून सगळी मोडी, तीही धावती. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आधी रेघ ओढून तिला टांगलेली ती अक्षरं म्हणजे दोरीवर घाईने टाकलेले ओले कपडेच. तीन दिवस मी त्या अक्षरांशी झटत होतो. त्याचा 'क' कुठे वळतो, 'स' कुठे मोडतो, हे हळूहळू कळू लागलं. कधी काळी होऊन गेलेल्या त्या माणसाची घाई माझ्या बोटांत उतरल्यासारखी वाटे.

तिसऱ्या दिवशी आजीचं नाव सापडलं. पुढे 'तान्ह्या मुलीसह', मग सातचा आकडा, आणि मग: 'महेर मुक्काम जनवाडा'. सात हा मी नोंदीचा अनुक्रम धरला. 'म'ला काना द्यायचा राहिला असणार, हे मला इतकं उघड वाटलं की पुढच्या वाचणाऱ्याची सोय म्हणून पेन्सिलीने मी तो काना दाबून भरून टाकला. माहेर, मुक्काम जनवाडा. मी पळतच घरी आलो.

त्याच आठवड्यात मायला घेऊन जनवाड्याला गेलो. ती वेशीत थांबली, पुढे पाऊल टाकीना. विहिरीवरच्या एका म्हातारीने विचारलं, "कुणाची गं तू?"

माय म्हणाली, "इथलीच."

म्हातारी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "इथली हाईस तर उनात कामून उभारलीस? ये की." माय त्या म्हातारीच्या घरी दोन घोट पाणी प्यायली. परतीच्या वाटेवर ती माझ्या पुढे चालत होती.

पुढच्या वर्षी पंचमीला घरी जायला म्हणून रजेचा अर्ज लिहायला बसलो. वर तारीख घातली: सात मेहेर. कलम तिथेच थांबलं. हे महिने मला शाळेपासून पाठ. तरी त्या पानावर मला ते दिसलं नव्हतं, कारण मला माहेर हवं होतं. 'म'ची मात्रा वरच्या रेघेत बुडाली होती, एवढंच. ती तारीख होती. जनवाडा हा उपदेशकाचा मुक्काम होता.

घरी गेलो तेव्हा माय भाकरी थापत होती. मी चाचरत सगळं सांगितलं. भाकरी तव्यावर गेली, उलटली, उतरली. मग तिने विचारलं, "ते मेहेर कवा येतंय रे?"

"श्रावणात. पंचमीच्या अंगाला."

"मग पंचमीला तान्हं लेकरू घिऊन बाई कुठं जाती?"

आजी माहेरीच आली असेल, किंवा बाप्तिस्म्यासाठी कुठून तरी चालत आली असेल; वही त्यावर गप्प आहे. मी विचारलं, "मग तो काना राहू देऊ का?"

"तू घातलास, तू काढ," माय म्हणाली. "माझं मी बघती."

मी जाऊन रबराने काना खोडला. पाळकांनी चष्मा पुसून पान पाहिलं आणि म्हणाले, "आता बरोबर." पण मी पेन्सिल फार दाबली होती. कागदावर बारीकसा चर राहिला आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो.

या वर्षी मला रजा नाही. तक्त्यापुढे उभा राहून मी तारखा मोजतो आहे. सहा दिवसांनी सात. पंचमीला माय जनवाड्याला निघेल. तिने तसा निरोप धाडला आहे, सोबतीला ये म्हणून नव्हे, नुसतं कळावं म्हणून. खरं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते न ठरवताच ती वाटेला लागणार आहे.