न भरणारा खड्डा

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले तेव्हा आमच्या आळीत नळ नव्हता. नळाचं पाणी बाजाराच्या बाजूला मिळे. उतारावरच्या आमच्या चार घरांना मिळून एकच विहीर होती, जांभ्यात खोदलेली. कडक उन्हाळ्यातही तिचा तळ कधी दिसला नाही. माझे यजमान कचेरीत कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझ्या वन्सं.

हाताला फोड न येऊ देता रहाट कसा ओढायचा ते मला वन्संनी शिकवलं. दिवसाचं पहिलं पाणी त्या ओंजळीत घेऊन चाखायच्या आणि मगच कळशी भरायच्या. "पाण्याला चव नसते म्हणणाऱ्याने आमच्या विहिरीचं पाणी प्यायलेलं नाही गो," असं म्हणायच्या.

विहिरीच्या वरच्या अंगाला जे घर होतं, त्यातले काका बरीच वर्षं आगबोटीच्या इंजिनावर नोकरी करून कायमचे घरी आले होते. बाहेरची मोठमोठी शहरं त्यांनी पाहिली होती. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की परसातला पाटीचा संडास बंद करायचा. "दुसऱ्या माणसाने आपली घाण डोक्यावरून वाहून न्यायची, हे मला आता बघवत नाही," असं ते सगळ्यांना सांगत. बोलणं मनापासूनचं होतं. त्यांनी माणसं लावून खोल खड्डा खणवला. वरचा कठीण जांभा फोडून माणसं खालच्या मऊ, पांढुरक्या मातीपर्यंत गेली. वर फरशी बसली, सिमेंट झालं. मोरीचं पाणी आजवर केळींना जात होतं, तेही काकांनी त्याच खड्ड्यात वळवलं. परसात ना चिखल राहिला ना डास. आम्ही सगळ्या बायका ते बघायला गेलो आणि आपल्याकडेही असं हवं, म्हणत परतलो.

पुढे बऱ्याच दिवसांनी काका आमच्या ओटीवर बसले होते. "एवढ्या घराचं सांडपाणी जातं, पण खड्डा भरत म्हणून नाही," ते कौतुकाने म्हणाले. "कितीही ओता."

वन्सं आत तांदूळ धूत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "मग जातं कुठे ते?"

"जमीन पिते, ताई," माझ्या यजमानांनी उत्तर दिलं आणि सगळे हसले. मीही हसले.

पावसाळा संपल्यावर, पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत सोडलेले मासे मेले. एके सकाळी ते पोटं वर करून तरंगत होते. पोहऱ्याने ते बाहेर काढले आणि पाण्यात पाला कुजला असेल असं म्हणून आम्ही विषय सोडला. मग मला जाणवू लागलं की कळशी कितीही घासली तरी आतून बुळबुळीत लागते. वन्संनी पहिली ओंजळ चाखली आणि थुंकून टाकली. "जड झालंय पाणी," एवढंच त्या म्हणाल्या. पण बाजारातल्या नळावरून रोज पाणी वाहून कोण आणणार? आम्ही तेच गाळून भरत राहिलो.

खालच्या घरातल्या मुलीला ताप आला. उतरेना, तेव्हा सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. मुदतीचा ताप आहे, पाणी उकळून प्या, असं सांगून गेले. विहिरीत लाल औषध टाकलं गेलं आणि पाणी जांभळट झालं. दोन दिवसांनी ते निवळलं, तसे आम्हीही निवळलो. काकूंना, म्हणजे वरच्या घरातल्या काकांच्या पत्नीला, बारीक कणकण येऊन गेली. मग वन्सं तापाने अंथरुणाला खिळल्या.

आळीत आजार आला म्हटल्यावर काका स्वच्छतेच्या मागे लागले. फिनेलच्या बाटल्या आणून त्यांनी खड्ड्यात ओतल्या, फरशी धुतली, आम्हालाही अंगण झाडून ठेवायला बजावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वन्संना पाणी पाजत होते. तापाने त्यांचे ओठ फुटले होते, पण त्यांनी भांडं हाताने सारलं.

"वहिनी, यात औषध घातलंस?"

"नाही हो वन्सं. उकळून गार केलेलं आहे."

"वास घे."

मी भांडं नाकाशी नेलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नुकत्याच भरलेल्या कळशीत तोंड घातलं. फिनेल. आमच्या घरात फिनेल नव्हतंच. मी मागच्या दारात उभी राहून वर पाहिलं. वर काकांची पांढरी फरशी, खाली विहीर, आणि मध्ये नुसती उतरती जमीन. 

मी तांब्या भरून वर गेले. काका म्हणाले, "तुझ्या हाताला लागलं असेल कुठेतरी. खड्डा कुठे, विहीर कुठे! मध्ये एवढी जमीन आहे."

काकू कणकणीतून उठून दाराशी आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"आपलंच आहे हे," त्या म्हणाल्या.

 काका तांब्याकडे बघत ओटीवर बसले आणि मी निघाले तरी तसेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी फोडली. उपसायला कोणाला बोलावलं नाही. कमरेला पंचा गुंडाळून स्वतः खड्ड्यात उतरले. शिडीने वर यायचे, बादलीतली घाण दूर, परसाच्या कुंपणाबाहेर नेऊन पुरायचे, पुन्हा उतरायचे. आळीतलं कोणी मदतीला गेलं नाही, पण दारंखिडक्यांतून सगळे बघत होते. खालच्या घरातली मुलगी उठून बसू लागली होती, तिचे केस सगळे गळले होते. तिच्या आईने काकांना ऐकू जाईल असे शिव्याशाप दिले. त्यांनी मान वर केली नाही.

वन्सं तो खड्डा बुजलेला बघायला राहिल्या नाहीत. शेवटी त्यांची शुद्ध गेली होती, पण ओंजळ मात्र सारखी तोंडाशी जात होती.

काकांनी खड्डा दगडमातीने भरून काढला. मोरीचं पाणी उताराच्या पलीकडच्या अंगाला, वाळू आणि कोळशाच्या उथळ चरातून केळींना सोडलं. पुन्हा पाटीचा संडास आला आणि ते काम करणाऱ्या बाईला बोलावणं गेलं. त्या दिवशी काका घराबाहेर पडले नाहीत. विहीर पुन्हा पुन्हा उपसली, चुना टाकला, एक पावसाळा तशीच राहू दिली. तोवर आम्ही बाजारातल्या नळावरून पाणी वाहून आणलं. आळीत नळ द्यावा म्हणून अर्ज केले, पण तो यायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

पावसानंतर पाणी स्वच्छ दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. चारी घरच्या बायका कळश्या घेऊन विहिरीवर जमल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. कोणी रहाटाला हात लावेना. तेव्हा काकू पुढे झाल्या. त्यांनी पोहरा ओढला, ओंजळीने पोटभर पाणी प्यायलं आणि पदराने तोंड पुसलं.  आम्ही सगळ्याजणी रिकाम्या कळश्या घेऊन घरी गेलो.

त्यानंतर काकू रोज सकाळी विहिरीवर येत. पाणी पीत आणि आम्हाला नीट दिसेल अशा जागी थोडा वेळ उभ्या राहत. आम्ही आपापल्या दारातून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो.